सत्तर गायकांचे पुस्तक

१८७३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्याने ते घडवले तो तेव्हा हयात नव्हता. पुस्तकात रशियन वीरगाथांच्या, म्हणजे बिलिनांच्या, ३१८ संहिता होत्या. अशा संग्रहांची रचना कशी असावी हे तोवर जवळजवळ ठरून गेले होते. एका वीराच्या गाथा एका ठिकाणी, दुसऱ्याच्या दुसऱ्या ठिकाणी. इल्या मुरोमेत्सचे पराक्रम संपले की दोब्रिन्याचे सुरू. या पुस्तकाने तो रिवाज मोडला. रशियाच्या उत्तरेकडच्या ओनेगा सरोवराभोवतीच्या मुलखाचे भाग पाडून प्रत्येक भागातला एकेक गायक घेतला होता. त्याचे नाव, गाव, धंदा, घरची स्थिती आणि गाणे कोणाकडून शिकला याची थोडक्यात हकीकत, आणि तिच्याखाली त्याने गायलेले सगळे. असे ७० गायक. एकच गाथा अनेकांनी गायली असेल तर ती अनेक वेळा छापलेली, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाखाली.

अलेक्सांद्र गिल्फर्दिंगच्या या पुस्तकाची थोरवी सांगताना बहुधा त्यातल्या संहितांविषयी बोलले जाते. मला त्याची अनुक्रमणिका थोर वाटते. लोकगीताला कर्ता नसतो, ते सगळ्या समाजाचे असते, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलून जातो की त्यात कोणाची सोय आहे हे तपासायचे राहून जाते. सोय संग्राहकाची असते, प्रकाशकाची असते, आणि आता तर गाणी ध्वनिमुद्रित करून विकणाऱ्यांची आणि व्हिडिओ टाकून प्रेक्षक जमवणाऱ्यांचीही असते. गाणाऱ्याची नसते. लोकगीतांचा कोणताही संग्रह, मग तो छापील असो, ध्वनिफितींचा असो की संगणकावरचा, आधी गाणाऱ्याच्या नावाने लावला जावा आणि विषय, प्रदेश, प्रकार यांच्या सूच्या मागाहून याव्यात, असे माझे म्हणणे आहे. गिल्फर्दिंगने हे दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले. तो काही संतमाणूस नव्हता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण मला उपयोगाचे वाटते.

त्याचा जन्म १८३१ मध्ये वॉर्सात झाला. घराणे मूळचे जर्मन, वडील रशियन साम्राज्याच्या नोकरीत, शिक्षण मॉस्को विद्यापीठात. तिथे स्लाव्ह लोकांच्या, म्हणजे रशियन, पोलिश, सर्ब वगैरेंच्या, ऐक्याचे वेड असलेल्या मंडळींत तो वावरला. ऐन विशीत, १८५३ मध्ये, त्याने स्लाव्ह भाषेच्या संस्कृतशी असलेल्या नात्यावर पुस्तक लिहिले. संस्कृतची लाट तेव्हा युरोपभर होती. शब्दांच्या जोड्या लावता लावता आपल्या लोकांची प्राचीनता सिद्ध करून टाकण्याचा मोह तिकडेही आवरत नसे. आपल्याला तो चांगलाच परिचित आहे. पुढे १८५६ मध्ये तो बाल्टिक किनाऱ्यावरच्या काशुबी आणि स्लोविन्सी लोकांत हिंडला. जर्मन भाषेच्या पुरात बुडत चाललेल्या त्यांच्या बोली त्याने टिपून घेतल्या. त्यांतली स्लोविन्सी बोली विसाव्या शतकात नाहीशी झाली, त्यामुळे त्या नोंदींचे मोल आज फार आहे. मग त्याला बोस्नियात रशियाचा वाणिज्यदूत म्हणून पाठवण्यात आले. सारायेव्होहून तो हेर्झेगोव्हिना आणि जुना सर्बिया पायाखाली घालून आला, आणि येताना जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन आला. तो आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘गिल्फर्दिंग संग्रह’ या नावाने ओळखला जातो. ती हस्तलिखिते ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी जपली त्यांच्यापैकी कोणाचेही नाव त्या मथळ्यात नाही. नावे कशी पुसली जातात याचा हा एक नमुना, आणि तो याच माणसाच्या हातचा.

बिलिनांपर्यंत त्याला नेले ते एका तडीपार माणसाने. पावेल रिब्निकोव हा मॉस्कोचा पदवीधर. राजकीय संशयावरून १८५९ मध्ये त्याला अटक झाली आणि उत्तरेकडे ओलोनेत्स प्रांतातल्या पेत्रोझावोद्स्कला त्याची रवानगी झाली. तिथे तो सरकारी कचेरीत कामाला लागला. १८६० च्या मे महिन्यात ओनेगा सरोवरातून नावेने जात असताना वारा उलटला आणि नाव शुय-नावोलोक नावाच्या बेटाला लावावी लागली. अडकून पडलेले आणखी शेतकरी तिथे शेकोटी करून बसले होते. रिब्निकोव शेकोटीजवळ झोपी गेला. त्याला जाग आली ती एका अनोळखी गाण्याने. लिओन्ती बोग्दानोव हा म्हातारा शेतकरी नोव्हगोरोदच्या व्यापारी साद्कोची गाथा गात होता. मोठ्या शहरांतल्या विद्वानांच्या समजुतीप्रमाणे ही गाणी केव्हाच मेलेली होती. याच लिओन्तीने रिब्निकोवला आपल्या गावच्या त्रोफीम र्‍याबिनिनकडे नेले.

रिब्निकोवच्या संग्रहाचे चार खंड १८६१ ते १८६७ या काळात निघाले, तेव्हा राजधानीत कौतुकाबरोबर कुजबुजही झाली. इतक्या गाथा अचानक आल्या कुठून? एखाद्याने घरी बसून रचल्या तर नाहीत? स्कॉटलंडमध्ये मॅकफर्सन या लेखकाने ओशन नावाच्या प्राचीन कवीच्या नावावर असा उद्योग केल्याला जेमतेम शंभर वर्षे झाली होती. शंका घेणाऱ्यांना अगदीच वेडे म्हणता येणार नाही. गिल्फर्दिंग तोवर बडा सरकारी अधिकारी झाला होता आणि भूगोल संस्थेच्या मानववंश विभागाचा प्रमुखही होता. स्वतः जाऊन ऐकायचे असे त्याने ठरवले. १८७१ च्या उन्हाळ्यात तो किझी, तोल्वुय, पोव्हेनेत्स, पुदोगा, केनोझेरो असा फिरला. हे ३१८ पाठ जवळजवळ दोन महिन्यांच्या त्या एका फेरीतले आहेत. रिब्निकोव ज्यांच्याकडे गेला होता त्यांच्याकडे तो गेला आणि जिथे कोणीच पोहोचले नव्हते तिथेही गेला. केनोझेरोचा गाण्यांनी भरलेला परिसर अभ्यासकांना ठाऊक झाला तो त्याच्यामुळे.

त्याच्या कामाच्या पद्धतीत मला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली ऐकण्याची. आधीचे बहुतेक संग्राहक गायकाला शब्द सावकाश ‘सांगायला’ लावत. गिल्फर्दिंगच्या लक्षात आले की सूर सोडून सांगायला लागले की गायकाचा छंद, म्हणजे ओळीची लय, मोडतो. ओळी लांबतात, मधलेच शब्द गळतात, आणि हातात उरते ते पद्य आणि गद्य यांच्या मधले काहीतरी. म्हणून तो गायकाला गायलाच लावी, स्वतः धावत्या हाताने लिही, आणि पुन्हा गायला लावून तपासून घेई. बहुतेक गायक निरक्षर होते. त्यांच्या ओळीला स्वतःचे माप असते, ते आपल्या कानाला ऐकू येत नसेल तर दोष आपल्या कानाचा, असे मानून एक साहेब त्यांच्यासमोर बसला होता. दुसरी गोष्ट पैशाची. त्याने गायकांना त्यांच्या वेळेचे पैसे दिले. साहेब आला म्हणजे काहीतरी वसुली असणार या धास्तीने आधी बिचकणारे लोक, गाण्याचे पैसे मिळतात ही बातमी पसरल्यावर आपणहून लांबलांबून येऊ लागले. पैशामुळे लोककलेचे पावित्र्य जाते असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कितीजण स्वतः मानधनाशिवाय व्याख्यान देतात हा वेगळा प्रश्न.

या प्रवासावर त्याने लिहिलेला निबंध पुस्तकाच्या आरंभी आहे. त्यात गाण्याइतकाच भुकेचा विषय आहे. जमीन खडकाळ, उन्हाळा अपुरा. जंगलाचा तुकडा जाळून त्यावर पीक काढायची जुनी रीत, तर तिच्यावर जंगलखात्याचे निर्बंध. (डांग-सुरगाण्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.) एवढ्या हलाखीतही बिलिना इथे का टिकल्या? गिल्फर्दिंग दोन कारणे देतो: मोकळीक आणि आडवळण. रशियाच्या मध्यभागातल्या शेतकऱ्याप्रमाणे या मुलखातला शेतकरी जमीनदाराचा दास नव्हता, आणि शहराची वाट इथून दूर होती. मिकुला नावाच्या नांगरधाऱ्याची एक गाथा आहे. त्याचा नांगर राजपुत्र वोल्गाच्या साऱ्या लवाजम्याला जमिनीतून उपटता येत नाही, आणि मिकुला तो एका हाताने उचलून झुडपामागे फेकून देतो. मालकाच्या अंगणात ही गाथा मोकळ्या गळ्याने गाता येणे अवघडच.

ही गाथा सर्वांत देखणी गाणारा त्रोफीम र्‍याबिनिन हा किझीजवळचा मच्छीमार शेतकरी. लहानपणी पोरका झालेला, गावोगाव जाळी दुरुस्त करत फिरलेला. इल्या येलुस्ताफ्येव या नामांकित गायकाच्या सहवासात, जाळी विणता विणता, त्याने गाथा उचलल्या. हातांना काम आणि तोंडाला गाणे अशी ही शाळा होती. शिंपी, चांभार, जाळी विणणारे यांच्यात बिलिना जास्त का सापडतात याचे उत्तर गिल्फर्दिंगला अशा हकीकतींतून मिळाले. या हकीकती त्याने विचारल्या नसत्या, किंवा विचारून छापल्या नसत्या, तर ते उत्तर सापडलेच नसते. गायकाचे नाव लिहिणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही, तो ज्ञानाचा भाग आहे.

माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. एकाच गायकाची गाणी शेजारीशेजारी ठेवल्यावर गिल्फर्दिंगला जे दिसले ते विषयवार मांडणीत दिसणे शक्य नव्हते. गाथेत दोन प्रकारचे भाग असतात, असे त्याने नोंदवले. काही भाग ठशासारखे: वीराने घोड्यावर खोगीर कसे कसले, मेजवानीत कोण कुठे बसले, बाण कसा सुटला. हे गायकाला तोंडपाठ असतात आणि तो ते वेगवेगळ्या गाथांत वापरतो. या भागांना जोडणारे जे दुवे, ते मात्र तो दर वेळी गाता गाता नव्याने बांधतो. प्रत्येकाचे ठसे वेगळे, निवड वेगळी. गायकाचा स्वभावही वीरात उतरतो. देवभोळ्या गायकाचे वीर पावलोपावली क्रूसाची खूण करतात आणि नमस्कार घालतात. र्‍याबिनिनची गाणी रिब्निकोवने आधी लिहून घेतलेली होतीच, त्यामुळे अकरा वर्षांच्या अंतराने त्याच तोंडून आलेली तीच गाथा ताडून पाहता आली. ती तीच होती आणि तंतोतंत तीच नव्हती.

साठ वर्षांनी अमेरिकेचा अभ्यासक मिल्मन पॅरी युगोस्लाव्हियात गेला आणि गुसले हे तंतुवाद्य वाजवत गाणाऱ्यांच्या गाथांवरून होमरची ग्रीक महाकाव्ये कशी रचली गेली हे कोडे सोडवू लागला. त्याची ठराविक पदबंधांची उपपत्ती जगभर गाजली. १९३५ मध्ये बियेलो पोल्येच्या आव्दो मेजेदोविच या खाटकाने त्याच्यासाठी एकच गाथा १२,३११ ओळींची सांगितली. त्या उपपत्तीचे बीज ओनेगाकाठच्या त्या अनुक्रमणिकेत आहे असे मी म्हणेन. आव्दोचे नाव अभ्यासकांना माहीत आहे. हार्वर्डमधला संग्रह मात्र पॅरीच्या नावाने ओळखला जातो.

म्हणजे कर्ता नाही हे विधान वस्तुतः चूक आहे. कथा परंपरेची असते, ठसे परंपरेचे असतात, पण त्या दिवशी त्या ठिकाणी जे गाणे घडले ते एका माणसाने घडवलेले असते. ‘हे मी जुन्या माणसांकडून ऐकले’ असे गायक स्वतःच सांगतो, त्यामुळे आपण त्याला कर्ता ठरवणे म्हणजे त्याच्यावर लादणे आहे, असा एक आक्षेप घेतात. र्‍याबिनिन येलुस्ताफ्येवचे नाव सांगायचा हे खरेच. पण तो एक नाव सांगत होता. त्याने नावांची साखळी दिली, आणि आपण त्या साखळीचे भाषांतर ‘अनामिक’ असे करतो. घराण्याच्या गायकाने मैफलीत गुरूचे नाव घेतले म्हणून त्याचे स्वतःचे नाव पत्रिकेवरून कोणी काढून टाकत नाही.

गिल्फर्दिंगच्याही आधी सर्बियात वूक काराजिच या लोकगीतांच्या संग्राहकाने आपल्या गायकांविषयी लिहिले होते, आणि फार जिवंत लिहिले होते. म्हातारा मिलिया त्याला १८२२ मध्ये क्रागुयेवाचला भेटला. डोक्यावर तुर्कांशी झालेल्या मारामारीच्या खुणा, आणि राकिया ही दारू पोटात गेल्याशिवाय गाणे नाही. चार गाणी उतरवून घ्यायला पंधरा दिवसांहून जास्त लागले, तेवढ्यात कोणा रिकामटेकड्याने म्हाताऱ्याचे कान भरले आणि तो निघून गेला. पुन्हा चौकशी केली तेव्हा तो मेलेला होता. हे सगळे वूकने प्रस्तावनेत सांगितले. पुस्तकाच्या आत मात्र गाणी ‘बायकांची’ आणि ‘वीरांची’ अशी लागली. प्रस्तावना पुष्कळजण वगळतात. तिथली माहिती उचलून गिल्फर्दिंगने पुस्तकाचा सांगाडा केला. फरक वरवर छोटा दिसतो, परिणाम मोठा झाला.

परिणाम संगीतातही दिसतो. १८७१ च्या हिवाळ्यात गिल्फर्दिंगने र्‍याबिनिनला पीटर्सबर्गला बोलावून भूगोल संस्थेत त्याचे गाणे ठेवले. श्रोत्यांत संगीतकार मुसोर्गस्की होता. त्याने चाली टिपून घेतल्या, आणि त्यांतली एक त्याच्या ‘बोरिस गोदुनोव’ या ऑपेरात दोन भटक्या साधूंच्या तोंडी आली. ऑपेराच्या प्रेक्षकाला ती कोणाच्या गळ्यातली, याचा पत्ता असायचे कारण नव्हते. पुढे त्रोफीमचा मुलगा इव्हान र्‍याबिनिन गायला, आणि त्याच्या चालींवर संगीतकार अरेन्स्कीने १८९९ मध्ये पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. ती आजही ‘र्‍याबिनिनच्या चालींवरील फँटसी’ या नावाने वाजवली जाते. वासिली श्चेगोल्योनोक हा याच परिसरातला चांभार गायक. तो १८७९ मध्ये टॉलस्टॉयकडे गेला आणि त्याच्या तोंडच्या कथांवरून टॉलस्टॉयने आपल्या काही प्रसिद्ध गोष्टी लिहिल्या. हे ऋण आपण बोट ठेवून दाखवू शकतो, कारण त्या मुलखातली माणसे कागदावर नावानिशी आलेली होती.

आता गिल्फर्दिंगच्या चरित्रातले अवघड पान. १८६३ चा पोलंडमधला उठाव चिरडल्यावर तिथला कारभार रशियन घडीत बसवण्यासाठी जे अधिकारी नेमले गेले त्यांत तो होता. लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीऐवजी रशियन लिपीत लिहावी ही कल्पना पुढे रेटणाऱ्यांत त्याचे नाव येते. त्या धोरणातून लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी आली आणि ती १९०४ पर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, चालली. त्या काळात लोक पाठीवर पुस्तके लादून प्रशियाच्या सीमेवरून चोरून आणत, आणि पकडले गेले की शिक्षा भोगत. एकीकडे निरक्षर मच्छीमाराची ओळ त्याच्याच मापाने लिहिणारा, दुसरीकडे एका अख्ख्या भाषेची अक्षरे बदलायला निघालेला. दोन्ही एकच माणूस.

यावर दोन सोप्या प्रतिक्रिया येतात. एक, त्याचे पाप मोठे, तेव्हा पुस्तकही बाजूला ठेवा. दुसरी, विद्वान मोठा, तेव्हा राजकारणाचा उल्लेख नको. मला दोन्ही पटत नाहीत. रशियन शेतकऱ्यात त्याला आपले लोक दिसत होते, लिथुआनियन शेतकऱ्यात आपल्या साम्राज्याचे प्रजाजन. लोकगीतांवरचे प्रेम माणसाला आपोआप उदार करत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी संग्राहकांचे प्रेम आपल्या कुंपणापाशी थांबले. म्हणूनच नावे नोंदवणे हे संग्राहकाच्या चांगुलपणावर सोडता कामा नये. ती कामाची रीत हवी, म्हणजे माणूस कसाही असला तरी पान नीट लिहिले जाईल. ओनेगाकाठी रीत नीट होती, म्हणून कोंदा गावची दोम्ना सुरिकोवा ही शेतकरीण आजही तिच्या नावाने वाचता येते.

माझ्या बाजूला खरी अडचण करणारे उदाहरण सोव्हिएत काळातले आहे. श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावरची मार्फा क्र्युकोवा ही असामान्य गायिका, गायकांच्याच घराण्यातली. तिचे नाव दडवले गेले नाही, उलट देशभर गाजवले गेले. तिला लेखक संघाचे सदस्यत्व मिळाले, मानसन्मान मिळाले. त्या बदल्यात तिने बिलिनांच्या छंदात लेनिन आणि स्तालिन यांच्यावर गाथा रचल्या, आणि त्या रचताना मदतीला साहित्यिक असत. नाव मिळाले, गाणे हातचे गेले. तेव्हा नाव लिहिले की न्याय झाला असे मी म्हणत नाही. मात्र क्र्युकोवाच्या बाबतीत काय घडले याची चर्चा आपण करू शकतो ती तिचे नाव, तिचा आधीचा संग्रह आणि नंतरच्या रचना असे सारे समोर असल्यामुळे. अनामिक गायिकेचे गाणे सत्तेने वळवले असते तर ते कळायलाही मार्ग नव्हता.

दुसरी अडचण संमतीची. सासरच्या जाचाचे, गावच्या सावकाराचे किंवा पाटलाचे वाभाडे काढणारे गाणे गाणारीला आपले नाव नको असू शकते. मग ते लिहू नये. तिला विचारावे, तिचे उत्तर नोंदवावे. न विचारता नाव गाळणे आणि तिच्या इच्छेने गाळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि संग्रहात ते अंतर दिसले पाहिजे.

हे सगळे भावनेचे झाले, कायद्यात काय, असे कोणी विचारील. कायदा इथे समाजाच्या पुढे आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कला सादर करणाऱ्याची जी व्याख्या आहे तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. कलम ३८ नुसार सादर करणाऱ्याला त्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक कलम घातले, ३८बी: आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे हा त्याचा नैतिक हक्क. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने तर लोकाभिव्यक्ती सादर करणाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. शब्द आणि चाल कोणाच्याही मालकीचे नसतील, पण त्या बाईने त्या दिवशी गायलेले गाणे तिचे आहे. तरीही लोकगीताच्या ध्वनिमुद्रणावर शब्द पारंपरिक, संगीत पारंपरिक, संगीत संयोजकाचे नाव ठळक, आणि जिच्या तोंडून ते ऐकले ती कुठेच नाही, हे दृश्य रोजचे आहे. यात कायद्याचा अभाव नाही. विचारणारे कोणी नाही, एवढेच.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. आपल्या अभंगात नाव गाण्याच्या आतच असते: ‘तुका म्हणे’, ‘नामयाची जनी’. पोवाड्यातही शाहीर शेवटी स्वतःला गुंफून घेतो. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा, हे आपल्याला कळते ते त्यामुळेच. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला, तेव्हा रचणाऱ्यांना संग्राहकाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. जात्यावर बसणाऱ्या बाईला अशी नाममुद्रा नाही. दोन ओळींच्या ओवीत ती विठ्ठलाला, भावाला, लेकीला जागा देते, स्वतःच्या नावाला जागा उरत नाही. म्हणून तिचे नाव लिहिण्याची जबाबदारी वही धरणाऱ्यावर येते. पुण्याचे हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी ती घेतली. हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवताना कोणाची ओवी, कुठल्या गावची, हे त्यांनी सोडले नाही. २०१७ पासून तो संग्रह महाजालावर येऊ लागला तो गाणाऱ्या बायांच्या नावांनिशी. हे होऊ शकते याचा पुरावा घरातच आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी संग्रहांत प्रस्तावनेत ‘खेड्यापाड्यांतल्या मायबहिणींकडून’ असे एक वाक्य येते, आणि त्या वाक्यात शेकडो माणसे मावून जातात.

गिल्फर्दिंग १८७२ च्या उन्हाळ्यात पुन्हा निघाला. या वेळी कार्गोपोलला पोहोचताच तापाने आजारी पडला आणि तिथेच वारला, चाळिसाव्या वर्षी. पुस्तक इतरांनी त्याच्या कागदांवरून पूर्ण केले, आणि ते पूर्ण होऊ शकले याचे एक कारण ते कागद गायकवार लावलेले होते. पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रिब्निकोवचे खंड पहिल्यांदा निघाले ते जुन्या रिवाजाने, विषयवार. १९०९-१० मध्ये ग्रुझिन्स्की या संपादकाने त्यांची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा सगळे मोडून गाणी गायकांच्या नावाखाली पुन्हा लावली. चाळीसहून अधिक वर्षांनी, संग्राहक आणि बहुतेक गायक गेल्यानंतरही ते जमले, कारण टिपणे शिल्लक होती. मराठी लोकगीतांचे जुने संग्रह आजही पुन्हा छापले जातात, पाठीमागचे पान तेवढे बदलून. पुन्हा छापण्याआधी संग्राहकांच्या घरी, विद्यापीठांच्या मराठी विभागांत, ग्रंथालयांच्या माळ्यांवर पडलेल्या मूळ वह्या मागवता येतील. गावांची नावे असतील तिथे जाऊन चौकशी करता येईल. ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी गायले त्यांतल्या काही जणी अजून आहेत, त्यांच्या लेकीसुना आहेत. अनुदान मागणाऱ्या प्रत्येक पुनर्मुद्रणाला साहित्य संस्थांनी आणि सरकारी मंडळांनी एवढी एक अट घालावी: आधी गाणाऱ्यांची यादी दाखवा.